गोव्यात शिकाऊ उमेदवारीतून नर्सिंगकडे: पहिल्या कागदापासून परिषदेच्या नोंदणीपर्यंत

शिकाऊ उमेदवारी करून कोणी थेट नर्स होत नाही. पैसे किंवा वर्ष खर्च करण्याआधी ही गोष्ट पक्की समजून घ्या, कारण हीच न सांगता अनेकांना फसवलं जातं. नर्स म्हणून काम करायला राज्याच्या परिचर्या परिषदेत, म्हणजे आपल्याकडे गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये, नोंदणी लागते. ही नोंदणी एएनएम (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएससी नर्सिंग यांपैकी एक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. शिकाऊ उमेदवारीतून तुम्ही होता जनरल ड्युटी असिस्टंट: रुग्णाला आंघोळ घालणारा, कूस बदलणारा, भरवणारा, तपासणीला नेणारा, सिस्टरच्या हाताखालचा माणूस.

तरीही ज्यांची परिस्थिती तीन-चार वर्षांची फी आणि सरकारी नर्सिंग संस्था आहे त्या बांबोळीला राहण्याचा खर्च लगेच उचलण्याची नाही, त्यांनी आधी ही उमेदवारी करावी, असं आमचं ठाम मत आहे. एका वर्षात विद्यावेतन मिळतं आणि रुग्णाला हात लावायची भीती जाते. हे काम आयुष्यभर करू शकू का, याचंही उत्तर मिळतं. जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला ते कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

तुमच्या बारावीवर पुढची वाट ठरते

बीएससी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. जीएनएम तीन वर्षांचं. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजीत पास असायला हवं आणि एकूण किमान ४० टक्के हवेत. वयाची खालची अट १७. एएनएम दोन वर्षांचं. त्यातून गावपातळीवर माता-बालकांचं आणि लसीकरणाचं काम मिळतं, आणि नोंदणी झालेली एएनएम पुढे जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करता येतं. म्हणजे कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलेल्यांची वाट लांब आहे, बंद नाही.

नुसती दहावी झालेली असेल तर उमेदवारी चालू असतानाच बारावीचं बघा. मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करता येते. विषय निवडताना इंग्रजी टाळू नका. सोपे विषय घेण्याच्या नादात इंग्रजी सुटलं, की नर्सिंगची दारं बंद होतात आणि नंतर एका विषयासाठी पुन्हा वर्ष घालवावं लागतं.

कागद

आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, फोटो आणि बँकेचं पासबुक. यादी छोटी आहे, पण अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतात, आणि अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. गोव्यात जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या असल्यामुळे वडिलांचं आडनाव जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरं आणि आधारवर तिसरं, असं सर्रास दिसतं. नाईक, शेट, कामत, गावकर ही आडनावं रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात. शिकाऊ उमेदवारीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल नाव आधारशी जुळवून बघतं, एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी अडतं. म्हणून गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं.

बँकेत जाऊन विचारायचा नेमका प्रश्न असा: 'माझं खातं आधारशी जोडलेलं आहे, पण थेट लाभ हस्तांतरणासाठी ते सीड झालं आहे का?' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा कोणत्या खात्यात जमा व्हावा याची नोंद, आणि ती एका वेळी एकाच खात्याला असते. पूर्वी शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर विद्यावेतनातला सरकारचा वाटा तिकडे जाऊन पडतो, आणि इथे तुम्ही महिनाभर वाट बघत बसता.

मामलेदार कार्यालयातून मिळणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला शिकाऊ उमेदवारीला लागत नाही. पण पुढे गोवा सरकारच्या नोकरीला तो मागतात. रोजगार विनिमय केंद्राचं कार्डही मागतात. वेळ आहे तोवर दोन्ही करून ठेवा.

जागा शोधणं आणि करार

नोंदणी अॅप्रेंटिसशिप इंडिया या केंद्राच्या पोर्टलवर करायची. स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या ईमेलने. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकून केलेली नोंदणी पुढे प्रत्येक ओटीपीला नडते. आरोग्य क्षेत्र निवडा, राज्य गोवा निवडा, आणि जनरल ड्युटी असिस्टंट या नावाने जागा बघा. होम हेल्थ एड हे काम वेगळं आहे, घरी जाऊन एका रुग्णाची काळजी घेण्याचं. नर्सिंगकडे जायचं असेल तर वॉर्डाचीच जागा घ्या. तिथे अनेक प्रकारचे रुग्ण आणि शिकवणाऱ्या सिस्टर्स, दोन्ही मिळतात.

पोर्टलवर जवळची जागा दिसत नसेल तर रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागात स्वतः जाऊन विचारा. तीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एकूण कर्मचाऱ्यांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि यात कंत्राटी कर्मचारीही मोजतात. म्हणजे दोनशे माणसांच्या रुग्णालयात किमान पाच जागा हव्यात. मेहेरबानी मागायला जातोय असं समजून अंग चोरून उभं राहू नका. अडचण आली तर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय आहे, तिथे विचारा.

निवड झाली की करार होतो. सही करण्याआधी त्यातल्या चार गोष्टी स्वतः वाचा. कामाचं नाव काय लिहिलं आहे? 'हाउसकीपिंग' लिहिलं असेल तर तुम्हाला मिळणारं प्रमाणपत्र त्याचंच असेल. कालावधी किती आहे? विद्यावेतन किती आहे? आणि कराराला पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक आहे का? क्रमांक नसलेला कागद हा शिकाऊ उमेदवारीचा करार नव्हेच. तसं काम म्हणजे नोकरीचे हक्क नसलेली नोकरी.

२०१९ च्या नियमांत विद्यावेतनाची खालची मर्यादा दहावी झालेल्याला महिना ६,००० रुपये आणि बारावी झालेल्याला ७,००० रुपये ठरली. सही करायच्या दिवशी पोर्टलवर लागू असलेला आकडा बघून घ्या; त्याखाली कोणी देऊ शकत नाही, जास्त देऊ शकतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. म्हणून ७,००० ठरले असतील तर रुग्णालयाकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५०० असे दोन तुकडे येतात, आणि ते एकाच दिवशी येत नाहीत. रुग्णालयाने पैसे कापले असं वाटून भांडायच्या आधी पासबुक भरून घ्या.

शिकाऊ उमेदवार कायद्याने कर्मचारी नसतो. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही आणि वर्षानंतर नोकरीची हमी नसते. पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो, आणि सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुमच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. 'आज कोण आलं नाही, तू रात्रीही थांब' असं आठवड्यातून दोनदा होऊ लागलं तर तारखा वहीत लिहून ठेवा आणि आधी इनचार्ज सिस्टरशी बोला. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानेच थांबतं.

रुजू होण्याआधी

हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डात पाय टाकण्याआधी निदान पहिला तरी घेतलेला असावा, आणि तिसरा विसरू नका, कारण सहा महिन्यांनी कामात गुंतल्यावर तोच राहून जातो. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघता येतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही तपासा.

बूट पुढून बंद, रबरी तळाचे, धुता येणारे. चपला नकोत, सुई पडते ती पायावरच. गणवेशाचे किमान तीन जोड हवेत. जून ते सप्टेंबर गोव्यात कपडा दोन दिवसांत वाळत नाही, आणि दमट गणवेश अंगावर घालून बारा तास काढले की काखेत आणि जांघेत नायटा होतो. नखं कापलेली, बोटात अंगठी नाही, मनगटात धागा किंवा बांगडी नाही. देवळातला गंडा असेल तर तो घरी ठेवा. त्याखाली साबण पोचत नाही.

बऱ्याच रुग्णालयांत पाळ्या सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. सत्तरी, काणकोण, सांगेकडून येणाऱ्यांनी दुपारच्या पाळीनंतरची शेवटची बस किती वाजता आहे ते करार करण्याआधी विचारून ठेवावं. बसमुळे उमेदवारी सोडावी लागणं ही फार वाईट गोष्ट आहे, आणि ती आधी टाळता येते.

पहिले पंधरा दिवस: हात, कचरा, सुई

साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि अल्कोहोलच्या हँड रबने चोळायला २० ते ३० सेकंद. घड्याळ लावून एकदा करून बघा, म्हणजे रोजचं आपलं धुणं किती अपुरं आहे ते कळेल. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. हात कधी धुवायचे? रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, स्वच्छ कामाच्या आधी, रक्त-लघवी लागायची शक्यता असलेल्या कामानंतर, आणि रुग्णाच्या पलंगाला, टेबलाला हात लावल्यावर. शेवटचं सगळे विसरतात. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायचे नाहीत असं नसतं. आणि एका रुग्णाचे मोजे घालून दुसऱ्याकडे जाणं हे मोजे न घालण्यापेक्षा वाईट.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ठरलेले आहेत. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत प्लास्टिक आणि रबर: सलाईनच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या कुप्या, फुटलेली काच. कागद, फळांची सालं आणि जेवणाचं उरलेलं यापैकी कशातही जात नाही. तो साधा कचरा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नातेवाईक केळ्याची साल पिवळ्या पिशवीत टाकतात आणि कोणी काही बोलत नाही. पिशवी आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बांधायचा. काठोकाठ भरलेल्या पांढऱ्या डब्यातूनच सुई बाहेर येते.

सुईला टोपण परत लावायचं नाही. दुसऱ्याने लावून ठेवलेलंही काढायला जायचं नाही. पलंगावरची चादर ओढण्याआधी ती नीट बघा. चादरीत विसरलेली सुई ही शिकाऊ उमेदवाराच्या हाताला लागते, सिस्टरच्या नव्हे.

सुई लागलीच तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू नका, त्यावर ब्लीच किंवा अॅंटिसेप्टिक ओतू नका. सुई कोणत्या रुग्णाची होती ते टिपून ताबडतोब इनचार्ज सिस्टरला सांगा. एचआयव्हीविरोधी औषधं द्यायची गरज असेल तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. 'ओरडतील' म्हणून पाळी संपेपर्यंत गप्प बसणारे यातले मोलाचे तास घालवतात. कोणी ओरडलं तर ओरडू दे, पण सांगा.

जमिनीवर रक्त सांडलं तर शोषणारं कापड किंवा कागद टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, दहा ते वीस मिनिटं थांबा, मग पुसा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी घेतलं की १ टक्का होतं. रोज ताजं करायचं, कारण उघडं राहिलं की त्याची ताकद जाते. ते संडास धुवायच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो.

वॉर्डातली खरी कामं

रुग्ण ओळखताना 'तुम्ही गावकर ना?' असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो, आणि आपल्याकडे एका वॉर्डात तीन गावकर सहज असतात. 'तुमचं पूर्ण नाव काय?' असं विचारा आणि हातपट्टीवरचा नंबर जुळवा. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे. रात्रीत पलंग बदलतात.

भाषेचंही इथेच सांगतो. मराठी वाचणाऱ्या बहुतेकांना कोंकणी येतेच, पण सासष्टीतल्या म्हातारीशी बोलताना पुस्तकी मराठी सुरू करू नका. 'खंय दुखता?', 'उदक जाय?' एवढ्याने माणूस निवांत होतो. गोवा सरकारच्या भरतीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट मानलं जातं. कानडी आणि हिंदीतले दहा-वीस शब्दही पाठ करा: दुखणं, पाणी, लघवी, चक्कर, श्वास. नोंदी मात्र इंग्रजीत असतात, म्हणून रोज फाइलमधले पाच शब्द वहीत उतरवून सिस्टरला विचारत जा.

पलंगावरची आंघोळ. पाणी ४० ते ४३ अंश, मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट-ऊन लागेल इतकं. पडदा आधी ओढा. डोळे बिनसाबणाने, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा भाग. मग चेहरा, हात, छाती, पाय, पाठ, शेवटी गुप्तांग, आणि त्याआधी पाणी बदलायचं. एका वेळी एकच भाग उघडा, बाकी झाकलेलं. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या बोटांमधली जागा टिपून कोरडी करा. ओलावा राहिला की तिथे चिरा पडतात आणि त्या चिरांतूनच पुढचं सगळं सुरू होतं. आंघोळ ही कातडी बघण्याची सगळ्यात चांगली वेळ आहे. कंबरेखालचं हाड, टाचा, नितंबाच्या बाजू, कोपर, डोक्याची मागची बाजू या ठिकाणी लाली दिसली तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर कूस बदलून थोड्या वेळाने बघा. दाबूनही पांढरं पडलं नाही तर ती शय्याव्रणाची (बेडसोरची) सुरुवात आहे, लगेच सांगा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते बघा. लाल जागेवर चोळून मालिश करू नका, आतली ऊती तुटते.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर टाकण्यापेक्षा ३० अंश कललेलं बरं. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी. ओढायचं नाही, ड्रॉ शीटने (अंगाखालच्या आडव्या चादरीने) दोघांनी उचलून सरकवायचं. ओढल्याने कातडी खरवडते आणि तुमची कंबरही जाते. पलंग तुमच्या कंबरेच्या उंचीवर आणा, गुडघे वाकवा.

व्हीलचेअर रुग्णाच्या धडधाकट बाजूला लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायदान वर करा, मग उठवा. अर्धांगाच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून कधीच उठवू नका, खांदा निखळतो. पडण्याचे बहुतेक प्रसंग पहाटे बाथरूमला जाताना होतात. रात्रपाळीत चारच्या सुमाराला एक फेरी मारून 'लघवीला जायचंय का' असं आपणहून विचारलं तर त्यातले बरेच टळतात.

मोजमाप. नाडी प्रौढांत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, रक्तातला प्राणवायू ९५ टक्के किंवा वर. नाडी अनियमित लागली तर पूर्ण मिनिट मोजा. श्वास नेहमीच पूर्ण मिनिट मोजायचा आणि रुग्णाला न सांगता, नाडीवर बोट ठेवूनच. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब खोटाच जास्त दिसतो. नेलपॉलिश किंवा थंड बोट असेल तर प्राणवायूचा आकडा चुकतो. बोट बदला, चोळून गरम करा, पुन्हा बघा. आकडा स्वतःच्या मनाने 'नॉर्मल' लिहू नका. श्वास बघितला नाही आणि सगळ्यांना २० लिहून टाकलं, ही वॉर्डातली जुनी वाईट सवय आहे. तब्येत बिघडण्याची पहिली खूण बऱ्याचदा श्वासातच दिसते.

पाण्याचा हिशेब. वॉर्डातला पेला, चहाचा कप, घरून येणारी वाटी एकदा मोजपात्राने मोजा आणि आकडे वहीत लिहा. पेज ही द्रवातच मोजायची, नारळपाणी आणि सोलकढीही. उलटी, लघवी, नळीतून आलेलं सगळं बाहेरच्या रकान्यात. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली लटकवायची, जमिनीला न टेकवता. प्रौढाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर पाळी संपायची वाट न बघता सांगायचं.

जेवण. भरवताना डोकं वर, शक्य तर बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. भरवताना खोकला आला किंवा आवाज ओला झाला तर थांबा. घास श्वासनळीकडे जातोय. गोव्यात घरची माणसं मायेने पेज आणतात आणि सोबत मिठातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मीठ बंद असेल तर त्या दोन फोडींनी दिवसभराचं औषध वाया जातं. मूत्रपिंड निकामी असेल तर शहाळ्याचं पोटॅशियम धोक्याचं. डबा हिसकावून घेऊ नका. 'पेज राहू दे, तोर आज नको' असं सांगा आणि सिस्टरच्या कानावर घाला.

आणि जे बघितलं ते बाहेर बोलायचं नाही. गोवा छोटा आहे, रुग्ण तुमच्या वाड्यावरचा, देवळाच्या महाजनांतला, नाहीतर आतेच्या सासरचा निघतो. घरी 'कोण आलं होतं' हा प्रश्न विचारला जातोच, त्याला उत्तर द्यायचं नाही. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला तर २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. वॉर्डात फोटो नाही, अगदी स्वतःचा गणवेशातलाही नाही, कारण मागे कोणीतरी दिसतंच.

जे तुम्ही करायचं नाही

इंजेक्शन, सलाईन लावणं किंवा तिचा वेग बदलणं, औषध देणं, लघवीची नळी घालणं, नाकातल्या नळीतून भरवणं, ऑक्सिजनचा आकडा फिरवणं. शेवटच्याबद्दल विशेष सांगतो. सीओपीडी या जुनाट फुप्फुसविकारात काही रुग्णांना प्राणवायू मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवलेला असतो. दया येऊन तुम्ही तो वाढवला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस झोपेत जातो.

कामाची घाई असलेली एखादी सिस्टर 'एवढं इंजेक्शन टोच' म्हणेल. 'सिस्टर, मला परवानगी नाही, मी ट्रे धरतो' एवढंच म्हणा. पहिल्यांदा अवघड जातं. पण काही झालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि नर्सिंगमध्ये पाय टाकण्याआधीच नावाला डाग लागेल.

फसव्या कोर्सपासून

'सहा महिन्यांत नर्स', 'दहावीनंतर एका वर्षाचं नर्सिंग, शंभर टक्के नोकरी' अशा जाहिराती म्हापशापासून मडगावपर्यंत दिसतात. एक वर्षाच्या कोर्सने परिषदेची नोंदणी मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: या अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर गोवा नर्सिंग कौन्सिल नोंदणी करतं का? संस्थेचं नाव मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघा; त्यांनी दाखवलेल्या फ्रेममधल्या कागदावर जाऊ नका. शेजारच्या राज्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटालाही हेच विचारा, आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हातात देऊ नका. फी अडली की त्या अडकवून ठेवतात.

वर्ष संपताना

शेवटी मूल्यमापन होतं आणि उत्तीर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. मध्येच सोडलं तर काहीच मिळत नाही, म्हणून दहाव्या महिन्यात कंटाळा आला तरी टिका. वर्षभर वहीत कोणती कामं किती वेळा केली ते लिहिलेलं असेल तर तोंडी परीक्षेत अडायला होत नाही. इनचार्ज सिस्टरकडून कामाबद्दल दोन ओळींचं पत्र तेव्हाच मागून घ्या. सहा महिन्यांनी तिची बदली झालेली असते.

पुढच्या प्रवेशाची जाहिरात बारावीच्या निकालाच्या सुमाराला येते आणि मुदत थोडी असते, त्यामुळे कागद एप्रिलमध्येच तयार ठेवा. सरकारी संस्था म्हणजे बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, त्याच परिसरात असल्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांना वॉर्डाचा भरपूर सराव मिळतो. शिकाऊ उमेदवारीचे गुण प्रवेशात मोजले जातील अशा भरवशावर राहू नका. तिचा उपयोग पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात दिसेल, जेव्हा बाकीचे पलंगाजवळ हात मागे बांधून उभे असतील.

जीएनएम किंवा बीएससी पूर्ण झाल्यावर नोंदणीसाठी गोवा नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा. तिथून नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी मिळते, एएनएमची नोंदणी वेगळी. राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत तुमचा एनयूआयडी (परिचारिकेचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक तयार होतो, आणि दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात जाताना तोच विचारतात. अर्जातलं नाव पुन्हा एकदा गुणपत्रिकेशी, आधारशी आणि पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.